कोलोसियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमला निघालेले किंवा नुकतेच परत आलेले मित्र आणि नातेवाईक कोलोसियमबद्दल, म्हणजे तिथल्या प्राचीन ॲम्फिथिएटरबद्दल मला जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी हात आखडता घेतलेला नाही. या वास्तूवर माझा जीव आहे. समोर उभं राहून एक फोटो काढून लोक पुढे जातात तेव्हा मला हळहळ वाटते, कारण तिचा इतिहास तिच्या भिंतींवर, जिन्यांवर आणि सगळ्यात जास्त तिच्या भोकांमध्ये उघडा पडलेला आहे.

ॲम्फिथिएटर म्हणजे नक्की काय? ते थिएटरपेक्षा वेगळं कसं?

ग्रीक भाषेत 'ॲम्फी' म्हणजे दोन्ही बाजूंनी, सभोवती. थिएटरमध्ये अर्धगोल पायऱ्या आणि समोर मंच असतो. ॲम्फिथिएटरमध्ये पायऱ्या चहूबाजूंनी फिरतात आणि मधे रिंगण उरतं. आपल्याकडे कॉलेजांत आणि बागांत अर्धगोल पायऱ्यांच्या खुल्या मंचाला सर्रास ॲम्फिथिएटर म्हणतात. रोमन माणूस त्याला थिएटरच म्हणाला असता.

रिंगणात वाळू पसरलेली असे. वाळूला लॅटिनमध्ये 'हरेना' म्हणत, आणि जगभर वापरला जाणारा 'अरेना' हा शब्द त्यातूनच आला. पाय घसरू नये आणि सांडलेलं रक्त शोषलं जावं म्हणून ती वाळू.

कोलोसियम हे सर्वांत जुनं ॲम्फिथिएटर आहे का?

नाही. दगडात बांधलेल्या आणि आज टिकून असलेल्या ॲम्फिथिएटरांत सर्वांत जुनं पाँपेईचं, साधारण इ.स.पू. ७० मधलं. क्विंक्टियस वाल्गस आणि मार्कस पोर्सियस या दोन अधिकाऱ्यांनी ते स्वखर्चाने बांधलं. त्यावरच्या शिलालेखात 'ॲम्फिथिएटर' हा शब्दच नाही, कारण तो अजून रुळलेला नव्हता. तिथे 'स्पेक्टाकुला' म्हणजे 'बघण्याची जागा' असं लिहिलंय. जमीन खोदून रिंगण खाली घेतलं आणि निघालेली माती भोवती रचून त्यावर पायऱ्या बसवल्या. वर जायला बाहेरून मोठे जिने. आतून फिरणारे मजले, बोळ वगैरे काही नाही. कोलोसियम पाहण्याआधी पाँपेई पाहिलं, तर दीडशे वर्षांत बांधकामाची कला कुठून कुठे गेली हे चटकन कळतं.

खुद्द रोममध्ये बराच काळ लाकडी, तात्पुरती बांधकामंच चालत. त्यातला धोका इ.स. २७ मध्ये रोमजवळच्या फिडेनी गावात दिसला. एका माणसाने कमाईसाठी कच्च्या पायावर लाकडी ॲम्फिथिएटर उभं केलं आणि ते भरगर्दीत कोसळलं. इतिहासकार टॅसिटस मृत आणि जखमी मिळून ५०,००० चा आकडा देतो. स्युटोनियस २०,००० हून अधिक मेले असं म्हणतो. यानंतर सेनेटने नियम केला: चार लाख सेस्टर्सहून (रोमन नाणी) कमी मालमत्ता असलेल्याने असे खेळ भरवायचे नाहीत आणि जमिनीची तपासणी झाल्याशिवाय ॲम्फिथिएटर बांधायचं नाही. कोलोसियमच्या पायावर एवढे कष्ट का घेतले असतील, ते समजायला ही दुर्घटना लक्षात ठेवावी.

कोलोसियम कोणी बांधलं? आणि तिथेच का?

ही जागाच या वास्तूचं निम्मं उत्तर आहे. इ.स. ६४ मध्ये रोमला भीषण आग लागली. जळालेल्या वस्तीची मोठी जमीन सम्राट नीरोने घेतली आणि तिथे स्वतःसाठी 'डोमस ऑरिया', म्हणजे सुवर्णगृह नावाचा अवाढव्य महाल उठवला. त्याच्या बागेत मधोमध एक कृत्रिम तळं होतं. भर शहरात, जिथे लोकांची घरं होती तिथे, एका माणसाचं तळं.

६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली. पुढच्या एका वर्षात चार सम्राट झाले आणि शेवटी सेनापती वेस्पासियन गादीवर टिकला. त्याचं घराणं फ्लेवियन, सरदार-दरबारींच्या तुलनेत साधं. लोकांना जिंकायचं तर काय करावं? त्याने ते तळं कोरडं केलं आणि त्याच खड्ड्यात सगळ्या शहरासाठी ॲम्फिथिएटर बांधायला घेतलं. राजाची खासगी जागा जनतेला परत. कवी मार्शलने उद्घाटनाच्या वेळी नेमकी हीच गोष्ट गायली: जिथे क्रूर राजाची तळी होती, तिथे आता लोकांचं ॲम्फिथिएटर उभं राहतंय.

काम इ.स. ७० ते ७२ च्या सुमारास सुरू झालं. वेस्पासियन ७९ मध्ये वारला. त्याचा मुलगा टायटस याने ८० मध्ये उद्घाटन केलं, आणि तेही शंभर दिवसांच्या खेळांनी. त्या आधीच्या वर्षी व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई गाडलं होतं आणि ८० सालीच रोममध्ये पुन्हा मोठी आग लागली होती. संकटांच्या त्या दोन वर्षांत लोकांचं मन सांभाळणं टायटसला गरजेचंच होतं. धाकटा भाऊ डोमिशियन याने पुढे रिंगणाखालचं बांधकाम केलं.

एवढा पैसा कुठून आला?

माझं सर्वांत आवडतं उत्तर. इ.स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेम जिंकलं, तिथलं मंदिर लुटलं आणि जाळलं. कोलोसियम त्या लुटीवर उभं राहिलं असेल अशी शंका पूर्वीपासून होती. पुरावा मिळाला तो भोकांमधून.

कोलोसियममध्ये पाचव्या शतकातला, दुरुस्तीची नोंद करणारा एक शिलालेख आहे. त्याच दगडावर कोरलेल्या अक्षरांशी काहीच संबंध नसलेली लहान लहान छिद्रं होती. तो दगड जुना होता, पूर्वी त्यावर काशाची अक्षरं खिळ्यांनी बसवलेली होती. अक्षरं गेली, खिळ्यांची भोकं उरली. अभ्यासक गेझा अल्फल्डी यांनी १९९५ मध्ये कोणत्या अक्षराला कुठे खिळे लागले असतील याचा मेळ घालत ती भोकं वाचली. मजकूर निघाला तो असा: सम्राट वेस्पासियन याने हे नवं ॲम्फिथिएटर युद्धातल्या लुटीतून बांधण्याची आज्ञा केली. नंतर टायटसच्या नावाचं 'टी' हे अक्षर मधे दाटीवाटीने घुसवलं होतं, तेही भोकांच्या जागेवरून कळलं. मुलाने बापाच्या कामावर आपलं नाव कसं चढवलं, ते एका अक्षराच्या खिळ्यांनी सांगितलं.

युद्धकैद्यांकडून इथे मजुरी करून घेतली असं सर्रास लिहिलं जातं. ते शक्य आहे, पण तो अंदाज आहे. लुटीच्या पैशाचा पुरावा मात्र दगडावर आहे.

'कोलोसियम' हे नाव कशामुळे पडलं? आकारामुळे?

तसं वाटतं खरं, पण नाव आलं शेजारच्या पुतळ्यावरून. नीरोने महालासाठी झेनोडोरस या शिल्पकाराकडून काशाचा ३० मीटरहून उंच पुतळा करवून घेतला होता. अशा महाकाय पुतळ्याला 'कोलोसस' म्हणत. नीरो गेल्यावर त्याला सूर्यदेव ठरवण्यात आलं. पुढे सम्राट हेड्रियनने २४ हत्ती लावून तो उभाच्या उभा हलवला आणि ॲम्फिथिएटरशेजारी आणला. पुतळा कधीच नाहीसा झाला, नाव इमारतीला चिकटलं. रोमन लोक स्वतः तिला नुसतं ॲम्फिथिएटर म्हणत. घराण्यावरून 'फ्लेवियन ॲम्फिथिएटर'.

वास्तुविशारद कोण होता?

नाव उरलेलं नाही. गॉडेंशियस नावाच्या एका ख्रिस्ती हुतात्म्याचं नाव अधूनमधून पुढे येतं. ती नंतरची दंतकथा आहे.

नेमकं किती मोठं आहे?

लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, बाहेरच्या भिंतीची उंची ४८ मीटरच्या आसपास, म्हणजे आजची पंधरा-सोळा मजली इमारत. घेर अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त. चौथ्या शतकातल्या एका नोंदीत ८७,००० जागा असल्याचं लिहिलंय. आजचे अभ्यासक ५०,००० च्या आसपासचा आकडा धरतात.

आकार गोल नाही, लंबगोल आहे. पूर्ण वर्तुळात सगळी झुंज मध्यबिंदूशी गोळा होते. लंबगोलात तिला लांबी मिळते, मिरवणुकीला एक दिशा मिळते आणि मान्यवरांची आसनं आखूड अक्षावर, म्हणजे झुंजीच्या सर्वांत जवळ ठेवता येतात.

तळ्याच्या जागी एवढा भार कसा पेलला?

तळं रिकामं केल्यावर तिथे लंबगोल कड्यासारखा काँक्रीटचा पाया ओतला, सुमारे १२ मीटर खोल. रोमन काँक्रीट म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे. नेपल्सजवळच्या पोझुओलीवरून या राखेला 'पोझोलाना' म्हणतात. रोमच्या आसपासही ती मुबलक मिळते. ती चुन्यात मिसळली की मिश्रण ओलाव्यातही घट्ट धरतं.

पायाच्या वर कुठे काय वापरायचं, याचा हिशेब फार चोख आहे. सगळा भार घेणारे खांब आणि दर्शनी भिंत ट्रॅव्हर्टिनची. हा टिवोलीजवळच्या खाणींतला पांढरट, चिवट चुनखडी दगड. खांबांमधल्या आडव्या भिंतींना टफ, म्हणजे ज्वालामुखीचा हलका दगड. वरच्या मजल्यांना विटा आणि काँक्रीट. कमानींचे घुमटाकार बोळ काँक्रीटचे. जसजसं वर जावं तसतसं वजन उतरत जातं. बाहेरच्या भिंतीलाच एक लाख घनमीटर ट्रॅव्हर्टिन लागल्याचा अंदाज आहे.

दर्शनी भागावर तीन मजले कमानींचे. प्रत्येक कमानीच्या बाजूला अर्धे उठवलेले खांब: तळमजल्यावर साधे टस्कन, दुसऱ्यावर वळणदार आयोनिक, तिसऱ्यावर पानांच्या नक्षीचे कोरिंथियन. चौथ्यावर कमानी नाहीत. सपाट भिंत, चपटे खांब, लहान खिडक्या. हे खांब भार घेत नाहीत. भार कमानी घेतात. खांब डोळ्याला ताल देतात. एवढी प्रचंड भिंत अंगावर येत नाही, ती या तालामुळे.

भिंतींवर सगळीकडे एवढी भोकं का आहेत? गोळीबार झाला होता का?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलाय. गोळीबाराची खूण नाही, ती लोखंडाच्या चोरीची आहे.

ट्रॅव्हर्टिनचे ठोकळे एकमेकांवर चुन्याशिवाय रचले आणि लोखंडी आकड्यांनी जखडले. हे सारं लोखंड ३०० टन असावं असा अंदाज सांगितला जातो. मध्ययुगात रोमची लोकसंख्या घटली, खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या, लोखंड महाग झालं. मग लोकांनी सांध्यांवर नेमकं टोकरून आकडे उपसून नेले. म्हणून ही भोकं कुठेही नाहीत, दगड जिथे जुळतात तिथेच आहेत. आकडे गेल्यावर इमारत नुसत्या वजनाच्या जोरावर उभी राहिली, आणि त्यामुळे पुढच्या भूकंपांत दुबळी ठरली.

पन्नास हजार माणसं आत-बाहेर कशी करायची?

माझ्या मते कोलोसियमचं खरं वैभव इथे आहे, खांबांच्या नक्षीत नाही.

तळमजल्यावर ८० कमानी, म्हणजे ८० दारं. दोन अक्षांच्या चार टोकांवरची चार दारं खास होती, त्यांना क्रमांक नव्हते: लांब अक्षावरची दोन मिरवणूक आणि झुंजणाऱ्यांसाठी, आखूड अक्षावरची दोन सम्राट आणि मान्यवरांसाठी. उरलेल्या ७६ वर रोमन अंक कोरलेले होते. उत्तरेकडे २३ ते ५४ हे अंक आजही वाचता येतात. ५४ तिथे 'एल' पुढे चार उभ्या रेघा अशा पद्धतीने लिहिलेला आहे, आपण शाळेत शिकतो तसा नाही. ३८ आणि ३९ च्या मधे एक बिनक्रमांकाची कमान येते. ते उत्तरेचं खास दार.

दार सापडलं की पुढची वाट इमारतच दाखवायची. प्रत्येक दारातून निघणारा जिना ठरावीक थरालाच जाऊन मिळे. खालच्या वर्गाची वाट वरच्या वर्गाच्या वाटेत मिसळत नसे. बाहेरून फिरणारे दोन समांतर बोळ, त्यांतून आत जाणारे आडवे बोळ, तिथून जिने, आणि जिन्याच्या तोंडाशी आसनांमध्ये उघडणारी भोकं. त्या भोकांना 'व्होमिटोरिया' म्हणत, कारण ती माणसं बाहेर ओकून टाकत. (हा शब्द जेवून उलटी करण्याच्या खोलीसाठी होता, ही कथा खोटी आहे.) आजच्या क्रिकेट स्टेडियममध्ये दार क्रमांक, स्टँड आणि रांग शोधत आपण जे करतो, तेच.

कोण कुठे बसायचं?

जिथे जन्म, तिथे जागा. रिंगणालगतच्या पहिल्या थरात सेनेटर. काहींची नावं दगडात कोरलेली सापडली आहेत. त्यामागे घोडेस्वार वर्ग, त्याच्या वर सामान्य नागरिक, त्यातही चांगल्या टोग्यातले (टोगा हा रोमन नागरिकाचा अंगावर गुंडाळायचा पोशाख) पुढे आणि गरीब मागे. अगदी वर, लाकडी पायऱ्यांवर, स्त्रिया. झुंजींच्या वेळी स्त्रियांना मागे बसवायचा नियम ऑगस्टसच्या काळातला. रोमन समाजाची उतरंड इथे अक्षरशः चढत जाणाऱ्या पायऱ्यांवर मांडलेली होती, फक्त उलटी: जो जितका मोठा, तो तितका खाली.

वर छप्पर होतं का?

पक्कं नाही, पण उन्हासाठी कापडाचं आच्छादन होतं, 'व्हेलेरियम'. चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला २४० दगडी घोडे, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधार आहेत. त्यांवर लाकडी डोलकाठ्या उभ्या राहत आणि दोरखंडांवर शिडासारखं कापड ताणलं जाई. शिडं हाताळणं हे खलाशांचं काम, म्हणून मिसेनम इथल्या रोमन आरमारातले खलाशी खास त्यासाठी रोममध्ये ठेवलेले होते. रिंगणाचा मध्य मात्र उघडा राहायचा.

रिंगणाखाली जे भिंतींचं जाळं दिसतं ते काय आहे?

ते तळघर, 'हायपोजियम'. उद्घाटनाच्या वेळी ते नव्हतं. नंतर डोमिशियनने बांधलं. तेव्हा त्यावर लाकडी फळ्यांची जमीन होती आणि फळ्यांवर वाळू. प्रेक्षकांना खालचं काहीच दिसत नसे. आपण आज जे बघतो, ते नाटकाच्या पडद्यामागचं आहे, झाकण काढलेलं.

खाली अंधार, दिव्यांचा धूर, प्राण्यांचे आवाज, घामेजलेली माणसं. पिंजऱ्यात कोंडलेला प्राणी लाकडी पाळण्यावर चढवायचा. जमिनीत रोवलेला उभा रहाट माणसं मिळून फिरवत, दोरखंड गुंडाळला जाई, पाळणा कप्प्यांवरून वर चढे, वरची झडप उघडे आणि वाळूतून अचानक चित्ता बाहेर! वरच्या प्रेक्षकाला जमिनीने प्राणी उगवल्यासारखं वाटत असणार.

जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हाइन्झ-युर्गेन बेस्टे यांनी वर्षानुवर्षं या भिंतींवरच्या खाचा, खोबणी आणि दोरांनी घासलेल्या खुणा मोजल्या. इथेही पुन्हा भोकंच बोलली. रहाटाचा खुंट ज्या काशाच्या वाटीत फिरे तिच्या जागा सापडल्या, आणि त्यावरून यंत्रं कशी होती ते उभं करता आलं. २०१५ मध्ये असा एक पाळणा लाकडात पुन्हा बनवून तिथे बसवला. तळघर २०२१ पासून पर्यटकांसाठी लाकडी वाटेने खुलं आहे.

पूर्वेकडून एक भुयार 'लुडस मॅग्नस'ला जातं. ती ग्लॅडिएटरांची, म्हणजे रिंगणात झुंजणाऱ्यांची, सर्वांत मोठी तालीम. तिचं छोटं रिंगण रस्त्यालगत अर्धवट उघडं दिसतं. बरेच लोक त्याच्याजवळून न बघताच जातात.

पाणी भरून नाविक लढाया व्हायच्या, हे खरं का?

प्राचीन लेखक टायटस आणि डोमिशियनच्या काळात तसं झाल्याचं सांगतात. तळघर बांधण्याआधी ते शक्य होतं. तळघर झाल्यावर प्रश्नच मिटला.

तिथे रोज माणसं मारली जायची का?

रोज नाही. खेळ सणावारी, विजयोत्सवात, सम्राटाच्या मर्जीने व्हायचे. दिवसाची साधारण रचना अशी: सकाळी प्राण्यांची शिकार, दुपारी गुन्हेगारांना देहदंड, आणि त्यानंतर ग्लॅडिएटरांच्या जोड्या. दुपारच्या देहदंडात दयेला जागा नव्हती, आणि माझ्या मते सगळ्यात भयंकर भाग तोच.

ग्लॅडिएटरांची गोष्ट वेगळी. त्यातले बहुतेक गुलाम, कैदी किंवा शिक्षा झालेले; काही स्वतःहून करार करून आलेले. त्यांना तयार करायला वर्षं आणि पैसा लागे, त्यामुळे प्रत्येक झुंज मरणाने संपत नसे. मैदानात काठी घेतलेला पंच असे. कोलोसियमच्या उद्घाटनातल्या एकाच झुंजीचं तपशीलवार वर्णन आपल्याकडे आहे, मार्शलने केलेलं: प्रिस्कस आणि व्हेरस बराच वेळ बरोबरीने लढले, दोघांनीही एकाच वेळी हार कबूल केली, आणि टायटसने दोघांनाही विजयाची ताडाची फांदी आणि सुटकेची लाकडी तलवार दिली. एवढ्या मोठ्या इमारतीच्या जन्माची आठवण म्हणून टिकली ती दोन माणसं वाचल्याची गोष्ट.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र कसलाच दिलासा नाही. टायटसच्या शंभर दिवसांत ९,००० प्राणी मारल्याचं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. सम्राट ट्रेजनने डेशियाच्या (आजचा रोमानिया) विजयानंतर १२३ दिवस खेळ भरवले, त्यात ११,००० प्राणी गेले. या हौसेपायी आफ्रिकेतून आणि आशियातून प्राणी पकडून आणले जात.

अंगठा खाली म्हणजे मृत्यू, हे खरं का?

'अंगठा वळवला' एवढंच लॅटिन लिखाणात आहे. कुठे वळवला, ते नाही. खाली वळवलेला अंगठा लोकांच्या मनात ठसला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे.

ख्रिश्चनांना इथे सिंहांपुढे टाकलं होतं का?

रोमन साम्राज्यात ख्रिश्चनांना ॲम्फिथिएटरांत ठार केल्याच्या पक्क्या नोंदी आहेत, उदाहरणार्थ लियाँ आणि कार्थेज इथे. खुद्द कोलोसियमबद्दल असा थेट समकालीन पुरावा नाही. तरी श्रद्धेने जागा पवित्र झाली. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४९ मध्ये ती येशूच्या यातनांना अर्पण केली आणि दगड नेण्यावर बंदी घातली. आज कोलोसियम उभं आहे त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. गुड फ्रायडेला तिथे पोपच्या उपस्थितीत 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना होते.

भारताशी काही संबंध आहे का?

इमारतीशी थेट नाही, पण त्या काळाशी आहे. पहिल्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमन जगाशी जोरात व्यापार चाले. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती त्याच व्यापाराची साक्ष. ती कोल्हापुरातच टाउन हॉल संग्रहालयात आहे.

रोमच्या बाजूने बघायचं तर, कोलोसियमपासून फोरमकडे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाकडे, पाच-सात मिनिटं चाललं की मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकाच्या (सार्वजनिक सभागृहाच्या) तीन प्रचंड कमानी लागतात. त्यांच्या खाली डोमिशियनच्या काळातली मसाल्याची कोठारं होती, नावच मुळी मिरीवरून पडलेलं. मलबारची काळी मिरी तिथे साठवत. ज्या सम्राटाने रिंगणाखाली रहाट बसवले, त्याच्याच काळात भारताची मिरी हाकेच्या अंतरावर विकली जात होती.

खेळ कधी बंद पडले?

ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात थांबल्या, प्राण्यांच्या शिकारी ५२३ पर्यंत चालल्याची नोंद आहे. त्याआधी २१७ मध्ये वीज पडून वरचे लाकडी मजले जळाले होते आणि ॲम्फिथिएटर काही वर्षं बंदच होतं.

मग अर्धी बाहेरची भिंत कुठे गेली?

आधी भूकंप, मग माणसं.

इमारतीची उत्तर बाजू भक्कम थरावर आहे. दक्षिण बाजू जुन्या ओढ्याच्या गाळावर. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत कोसळली. म्हणजे नीरोने ज्या सखल, पाणथळ जागी तळं केलं, त्या जागेने तेराशे वर्षांनी हिशेब मागितला.

त्याआधीपासूनच कोलोसियमचे नवे संसार सुरू झाले होते. कमानींमध्ये लोक राहत, कारागीर दुकानं मांडत. बाराव्या शतकात फ्रांजिपाने घराण्याने त्याचा किल्ला केला. पडलेला दगड मग रीतसर खाण ठरला: १४५२ मध्ये एकाच ठेकेदाराने काही महिन्यांत २,५२२ गाड्या ट्रॅव्हर्टिन नेल्याची नोंद आहे. त्या शतकातल्या रोमच्या महालांत आणि चर्चमध्ये हा दगड भिनलेला आहे. शिवाय संगमरवर भट्टीत जाळून चुना केला, ते वेगळंच. पोप सिक्स्टस पाचवे यांना तर इथे लोकरीचा कारखाना काढायचा होता. ते १५९० मध्ये वारले आणि बेत राहिला.

आज उरलंय ते मूळच्या साधारण एक तृतीयांश. हे ऐकून लोक हळहळतात. मला मात्र त्या दगडांचा प्रवासही या इमारतीचंच चरित्र वाटतो.

उजाड असताना तिथे जंगल होतं म्हणे?

होतं. इंग्रज वैद्य रिचर्ड डीकिन यांनी १८५५ मध्ये कोलोसियमच्या भग्नावशेषांत उगवलेल्या ४२० जातींच्या वनस्पतींची सचित्र नोंद प्रसिद्ध केली. पुढे पुरातत्त्वीय साफसफाईत ही झाडं उपटली गेली. भिंती वाचवायला ते करावंच लागलं, पण ती बाग बघायला मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

रात्री कधी कधी वेगळे दिवे का लागतात?

जगात कुठे एखाद्याची फाशी रद्द झाली किंवा एखाद्या देशाने देहदंड संपवला, की कोलोसियमवर खास रोषणाई करायची प्रथा १९९९ च्या अखेरीपासून सुरू झाली.

हातात एकच तास आहे. काय बघू?

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. ते वेळेचं आणि नावाचं असतं, ओळखपत्र जवळ ठेवा. तळघर आणि रिंगणाच्या फळीवर जायला वेगळं तिकीट लागतं, साध्या तिकिटात ते येत नाही. साध्या तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी मात्र येते.

आत शिरण्याआधी उत्तरेच्या बाजूने चाला आणि कमानींवरचे अंक वाचा. आपलं दार शोधणाऱ्या रोमन माणसासारखे. सांध्यांवरची भोकं बघा. मग पूर्वेच्या टोकाला जा, जिथे उंच बाहेरची भिंत एकदम संपते आणि विटांचा एक तिरका, बिनसजावटीचा धिरा लागतो. १८०६ च्या भूकंपानंतर हा भाग ढासळायला आला होता. राफाएले स्टर्न या वास्तुविशारदाने त्याला विटांचा आधार दिला आणि धोक्यातल्या कमानी आहेत तशाच विटांनी भरून टाकल्या. नीट निरखून पाहा: कमानीचे दगड जागचे सरकलेले आहेत, खाली घसरता घसरता अडकलेले. दोनशे वर्षं ते तसेच थांबले आहेत.